'प्रो'ने सुरू होणारे शब्द आणि तुमचा खिसा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण कर्जाची फाईल कशी लावायची ते बघितलं. त्याच फाईलमध्ये येणाऱ्या शब्दांबद्दल आज लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. नवीन उद्योजकाचं नुकसान इंग्रजी बोलता येत नाही म्हणून होत नाही. सुरुवातीची अक्षरं सारखी दिसली की शब्द एकच समजायचा आणि सही करून मोकळं व्हायचं, यामुळे नुकसान होतं.

कुठलीही फाईल उघडा. प्रोप्रायटर, प्रोफॉर्मा, प्रोव्हिजनल, प्रोजेक्टेड, प्रोसेसिंग, प्रॉमिसरी, प्रोफेशनल, प्रोसीड्स. आठ शब्द, सगळ्यांची सुरुवात 'प्रो'. आपण पहिली दोन अक्षरं वाचतो आणि उरलेलं अंदाजाने भरतो. समोरचा टेबलावरचा माणूस घाईत असतो, आपण पण घाईत असतो, आणि "इथं सही करा" म्हटलं की पेन चालतं.

काहीजण म्हणतील, 'प्रो' म्हणजे पुढे, एवढं पाठ केलं की झालं. ते अर्धंच खरं आहे. लॅटिनमधला 'प्रो' आणि आपला 'प्र' एकाच जुन्या घराण्यातले. प्रगती, प्रवास, प्रस्ताव यातला 'प्र' तोच. प्रोजेक्ट म्हणजे पुढे टाकलेलं, प्रोसीड म्हणजे पुढे जाणं. पण प्रोप्रायटर आणि प्रॉपर्टी हे 'स्वतःचं' या अर्थाच्या लॅटिन शब्दातून आलेत. म्हणजे अक्षरं सारखी असली तरी अर्थ सारखा निघेल याची खात्री नाही. म्हणून एकेक शब्द पैशाच्या भाषेत समजून घेऊया.

प्रो.प्रा. आणि प्रा.लि.

आपल्याकडे लक्ष्मीपुरीपासून शाहूपुरीपर्यंत कितीतरी बोर्डांवर 'प्रो.प्रा.' आणि पुढे मालकाचं नाव दिसतं. हा प्रोप्रायटर. कायद्याच्या नजरेत इथे तुम्ही आणि धंदा वेगळे नाहीत. धंद्याचं देणं थकलं तर ते तुमचं वैयक्तिक देणं असतं, म्हणजे तुमची स्वतःची मालमत्ताही त्यात येते. 'प्रा.लि.' म्हणजे प्रायव्हेट लिमिटेड. इथे कंपनी ही वेगळी व्यक्ती धरली जाते आणि भागधारकाची जबाबदारी त्याच्या भागभांडवलापुरती असते. अर्थात बँक बहुतेक वेळा डायरेक्टरची वैयक्तिक हमी घेते, त्यामुळे 'लिमिटेड' म्हणजे पूर्ण सुटका असंही समजू नका.

आणि नुसतं भारी वाटतं म्हणून बोर्डावर 'प्रा.लि.' लिहू नका. कंपनी म्हणून नोंदणी नसताना तसं नाव लावून धंदा केला तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४५३ प्रमाणे दिवसाला ५०० ते २,००० रुपये दंड होऊ शकतो.

प्रोफॉर्मा म्हणजे कच्चं बिल नव्हे

हा गैरसमज सगळीकडे आहे. प्रोफॉर्मा इन्व्हॉइस म्हणजे माल विकण्याआधी दिलेला नमुना. "हे मशीन, हा दर, एवढा टॅक्स, एवढ्या दिवसांपर्यंत हा भाव" एवढंच तो सांगतो. विक्री झालेलीच नसते. बँकेला मशीनच्या कर्जासाठी हा कागद चालतो, तुमच्या जीएसटीला चालत नाही.

समजा, शिरोलीतल्या एखाद्या वर्कशॉपमधून तुम्ही १,५०,००० चं मशीन घेताय, वर जीएसटी २७,०००. प्रोफॉर्मा फाईलला लावला, पैसे गेले, मशीन आलं, आणि टॅक्स इन्व्हॉइस मागायचं राहिलं. तुम्ही नियमित जीएसटीत असाल तर त्या २७,००० चं इनपुट क्रेडिट तुम्हाला प्रोफॉर्मावर मिळणार नाही. त्यासाठी टॅक्स इन्व्हॉइस पाहिजे, माल मिळालेला पाहिजे आणि विकणाऱ्याने ते बिल त्याच्या रिटर्नमध्ये दाखवलेलं पाहिजे. शेवटचं पेमेंट करताना तोंडी "बिल पाठवतो" यावर समाधान मानू नका.

प्रोव्हिजनल आणि प्रोजेक्टेड

बँक दोन्ही मागते, आपण दोन्हीला 'सीएचा कागद' म्हणतो. प्रोव्हिजनल बॅलन्स शीट म्हणजे झालेल्या व्यवहाराचा तात्पुरता हिशेब. ३१ मार्चला वर्ष संपलं, आकडे तयार आहेत, पण अंतिम व्हायचे आहेत. प्रोजेक्टेड म्हणजे पुढच्या वर्षांचा अंदाज. पहिला कागद मागे बघतो, दुसरा पुढे.

फरक का महत्त्वाचा? लघुउद्योगांना पाच कोटींपर्यंतच्या खेळत्या भांडवलाची मर्यादा ठरवताना बँका प्रोजेक्टेड वार्षिक उलाढालीच्या किमान २० टक्के हा हिशेब धरतात. म्हणजे ३० लाखांची उलाढाल लिहिली तर ६ लाख. इथे मोह होतो, "४५ लिहा की, ९ मिळतील." मिळतीलही. पण पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी बँक खरी उलाढाल बघते. ४५ लिहिले आणि १८ झाले, तर मर्यादा कमी होणार आणि तोवर तो पैसा मालात नाहीतर उधारीत अडकलेला असणार. प्रोजेक्टेड आकडा तुमचा असतो, सीएचा नसतो. तो तुम्हाला तोंडपाठ पाहिजे आणि का लिहिला हे सांगता आलं पाहिजे.

प्रोसेसिंग फी आणि प्रोसीड्स

समजा २ लाखांचं कर्ज, प्रोसेसिंग फी २ टक्के. म्हणजे ४,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ७२०. हातात येतात १,९५,२८०. व्याज मात्र पूर्ण २ लाखांवर. त्यामुळे नुसता व्याजदर विचारून उपयोग नाही, सगळा खर्च धरून दर किती पडतो ते विचारा.

याच शब्दावर फसवणूकही चालते. फोन येतो, "तुमचं मुद्रा कर्ज मंजूर झालंय, फक्त प्रोसेसिंग फी भरा." लक्षात ठेवा, मुद्रा योजनेने एजंट नेमलेले नाहीत. ५०,००० पर्यंतच्या शिशु कर्जाला तर बहुतेक बँका ही फी लावतच नाहीत. कर्ज हातात यायच्या आधी कुणाच्या वैयक्तिक खात्यावर पैसे मागितले की फोन ठेवायचा.

प्रोसीड्स हा वेगळाच शब्द. सेल प्रोसीड्स म्हणजे विक्रीतून आलेली सगळी रक्कम, आपल्या भाषेत गल्ला. प्रॉफिट म्हणजे नफा. चपलांच्या दुकानात दिवसाचा गल्ला १२,००० झाला, त्यात मालाची खरेदी ९,००० ची, भाडं, लाईट, पगार मिळून १,८००, तर नफा १,२००. गल्ल्यातून घरखर्चाला ३,००० काढले की १,८०० तुम्ही भांडवलातून खाल्ले. दुकान जोरात चाललंय आणि तरी होलसेलवाल्याचे पैसे थकलेत, हे याच कारणाने होतं.

प्रॉमिसरी नोट

लहानपणी "गॉड प्रॉमिस" म्हणून आपण काहीही कबूल करायचो. बँकेतली प्रॉमिसरी नोट तशी नाही. मराठीत वचनचिठ्ठी. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम ४ मध्ये तिची व्याख्या आहे: ठरावीक रक्कम देण्याचं, कुठलीही अट नसलेलं, सही केलेलं लेखी वचन. बँकवाले ज्याला डीपी नोट म्हणतात त्यातला 'डी' म्हणजे डिमांड, मागितल्याबरोबर द्यायचे. धंदा चालला नाही, पाऊस जास्त झाला, गिऱ्हाईकाने बुडवलं, यातलं काहीच त्या कागदाला माहीत नसतं. म्हणून रक्कम आणि तारीख कोरी असलेल्या चिठ्ठीवर सही करायची नाही. सहकर्जदार म्हणून बायकोची किंवा भावाची सही घेत असाल तर आधी त्यांना मराठीत समजावून सांगा. देणं त्यांच्याही अंगावर येणार आहे.

प्रोफेशनल टॅक्स

नाव ऐकून वाटतं, हा डॉक्टर-वकिलांचा विषय. महाराष्ट्रात हा व्यवसाय कर आहे, १९७५ च्या कायद्याने आलेला, आणि धंदा करणारा दुकानदारही त्यात येतो. मालकाचं स्वतःचं पीटीईसी, वर्षाला २,५०० रुपये. पगारी माणसांच्या पगारातून कापून भरायचं ते पीटीआरसी, ते वेगळं. 'आपण कुठले प्रोफेशनल' म्हणून पाच-सहा वर्षं दुर्लक्ष केलं की मागची रक्कम, व्याज आणि दंड एकदम समोर येतो.

"पण सीए आहे ना"

हे उत्तर मला पटत नाही. सीए कागद तयार करतो, कर्ज तुम्ही फेडता. दुसरं मत असं की बँकांनीच सगळं मराठीत द्यावं. ते मला पूर्ण मान्य आहे, आणि त्यासाठी तुमच्या हातात एक नियमही आहे. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार, १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि लघुउद्योगांच्या नवीन मुदत कर्जाला 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावं लागतं. कर्जदाराला समजेल अशा भाषेत, समजावून सांगून. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो आणि त्यात नसलेली फी नंतर तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. हे सहकारी बँकांना आणि फायनान्स कंपन्यांनाही लागू आहे. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, राज्याच्या सहकार खात्याखाली येतात. तिथे हा कागद मिळेल असं गृहीत धरू नका, सगळे खर्च स्वतः लिहून घ्या.

पण मराठीत कागद मागायचा तरी शब्द माहीत पाहिजे. "ते प्रो काहीतरी आहे ना" असं म्हणून कुणी तुम्हाला नीट उत्तर देणार नाही.

म्हणून इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासला पैसे घालण्याआधी एक साधी वही करा. एका पानावर एका अक्षरजोडीचे शब्द. आज 'प्रो', पुढच्या वेळी 'रि': रिटर्न, रिफंड, रिबेट, रिन्युअल. प्रत्येक शब्दापुढे तीन उत्तरं लिहायची. यात पैसे कोण कोणाला देतो? कधी? आणि परत मिळतात का? या तीन प्रश्नांची उत्तरं आली की शब्द तुमचा झाला, स्पेलिंग आलं नाही तरी चालेल. उत्तर येत नसेल तर त्या कागदावर त्या दिवशी सही नाही. घरी आणायचा, विचारायचा, मग दुसऱ्या दिवशी जायचं. एक दिवस उशीर झाला म्हणून कुठलाही चांगला धंदा बुडत नाही.