समजून घ्या : स्टेंट निघेपर्यंत किडनीची शस्त्रक्रिया अपुरीच

किडनीतून मूत्रवाहिनी निघते तिथला भाग अरुंद असला, की लघवी तुंबते. किडनी फुगून हळूहळू निकामी होऊ शकते. हा दोष अनेकदा जन्मजात असतो. ‘लॅपरोस्कोपिक पायलोप्लास्टी’त ३-४ छोट्या छिद्रांतून अरुंद भाग कापून मूत्रवाहिनी किडनीला पुन्हा जोडतात. बहुतेक रुग्णांना गुण येतो.

जोड भरून येईपर्यंत आत ‘डीजे स्टेंट’ असतो. तो साधारण ४ ते ६ आठवड्यांत दुर्बिणीतून काढतात. राहून गेला, तर त्यावर खडे साचतात, संसर्ग होतो आणि वाचवलेली किडनी पुन्हा धोक्यात येते.

मालवणहून बांबोळीला उपचारासाठी जाणाऱ्यांना दुखणे थांबल्यावर दुसरी फेरी नकोशी वाटते. म्हणून डिस्चार्ज कार्डावर स्टेंट काढण्याची तारीख ठळक हवी आणि ओरोसच्या शासकीय रुग्णालयात त्याची हमखास सोयही.