सुरांची हिशेबपट्टी

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव वा औंढा येथील व्यापारी घरांत मुलाने गाणे शिकावे, याला सहसा कोणाचा विरोध नसतो. लहानपणी स्तवन म्हणावे, शाळेच्या स्नेहसंमेलनात बक्षीस मिळवावे, गांधर्वच्या प्रारंभिक आणि प्रवेशिका परीक्षा द्याव्यात, एखाद्या पंचकल्याणकात व्यासपीठावरून भक्तिगीत गावे. याचे घरात कौतुकच होते. प्रश्न उभा राहतो तो मुलगा किंवा मुलगी ‘आता हेच करणार’ असे म्हणते त्या दिवशी. मग वडील गादीवर बसून एकच प्रश्न विचारतात : ‘यावर घर चालेल का?’

प्रश्न रास्त आहे, पण व्यापाऱ्याने तो विचारायची ही रीत नव्हे. नवी पेढी काढणाऱ्या पुतण्याला काका असे विचारत नाहीत. ते विचारतात की माल कोणता, तो कोणाच्या मालकीचा, कोणाच्या आडतीवर उतरणार, उचल कोणाची घेतली आणि पट्टी किती दिवसांनी हाती येणार. संगीताच्या व्यवसायाला हेच पाच प्रश्न विचारले, तर त्याचे गूढ पुष्कळ उतरते. आणि ज्या कलावंतांनी ते वेळेवर विचारले नाहीत, त्यांच्या कहाण्या संगीताच्या इतिहासात थोड्या नाहीत.

स्वतंत्र कलावंत ही कल्पना मोबाइलबरोबर आली, असे आजच्या तरुणांना वाटते. महाराष्ट्राने ती सव्वाशे वर्षांपूर्वीच पाहिली आहे. कुरुंदवाड येथे 1872 साली जन्मलेले विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. त्या काळी गवयाचे पोट दरबारावर अवलंबून असे. पलुस्करांनी 1896 च्या सुमारास मिरज सोडली. एका जाहीर समारंभाचे निमंत्रण त्यांना होते, त्यांच्या गुरूंना मात्र ‘ते तर गवई’ म्हणून नव्हते, आणि हा सल त्यांच्या मनात कायम राहिला, अशी आख्यायिका सांगितली जाते. पुढे सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. असे करणारे ते पहिले गवई मानले जातात. आज ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. त्या वेळी मात्र तिचा अर्थ फार मोठा होता. श्रोता हा आश्रयदाता राहिला नाही, तो ग्राहक झाला, आणि गवई त्याच्याशी बरोबरीने उभा राहिला.

5 मे 1901 रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. ते कोणा एका संस्थानिकाच्या तिजोरीवर न चालवता लोकांच्या देणग्या, विद्यार्थ्यांची फी आणि स्वतःच्या मैफलींचे उत्पन्न यांवर त्यांनी उभे केले. त्यांनी स्वरलिपी तयार केली, पाठ्यपुस्तके छापली आणि संगीतावरचे मासिकही चालवले. आजच्या भाषेत सांगायचे तर मैफल, शिकवणी आणि प्रकाशन हे तीन उत्पन्नाचे ओघ एका माणसाने एकत्र आणले होते. व्यापारी दृष्टीने पाहता त्यांचा पाया अचूक होता.

पडझड झाली ती दुसऱ्याच ठिकाणी. 1908 साली मुंबईत शाखा निघाली आणि तिच्यासाठी कर्ज काढून मोठी वास्तू उभारण्यात आली. हप्ते भागवण्यासाठी पंडितजी गावोगाव मैफली करीत फिरत राहिले. मैफलीचे उत्पन्न कधी येते, कधी येत नाही. व्याज मात्र दर महिन्याला येते. शेवटी सावकारांनी त्या वास्तूचा लिलाव केला. 1931 साली मिरजेत त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. हिंगोलीसारख्या गावातील मुले आज ज्या परीक्षा देतात, त्या याच मंडळाच्या. इमारत गेली, अभ्यासक्रम उरला. शिष्यांपैकी नारायणराव व्यास यांनी ध्वनिमुद्रिका गाजवल्या आणि दादरला विद्यालयही चालवले. विनायकबुवा पटवर्धनांनी पुण्यात विद्यालय काढले. एकाच ओघावर कोणी विसंबून राहिले नाही. हंगामी पिकावर कायमचे व्याज उचलू नये, हे हळदीच्या बाजारात वाढलेल्या माणसाला सांगण्याची गरज नाही. तरीही मुलाच्या पहिल्या गाण्याच्या चित्रफितीसाठी एकदम काही लाख खर्च करणारी घरे आढळतातच, हा विरोधाभास नोंदवावासा वाटतो.

आता मालाकडे. एका गाण्यात किमान तीन मालमत्ता असतात : शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. शब्द कवीचे, चाल संगीतकाराची. आणि ध्वनिमुद्रण त्याचे, ज्याने ते करण्यात पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली. कायद्यात ‘निर्माता’ या शब्दाची व्याख्याच तशी आहे. नांदेड वा छत्रपती संभाजीनगरच्या स्टुडिओत वडिलांनी पैसे भरून मुलाचे गाणे मुद्रित केले, पण कागद काहीच केला नाही, तर उद्या गाणे चालल्यावर निर्माता कोण, हा वाद सहज उभा राहतो. पावती कोणाच्या नावाने, मूळ ध्वनिमुद्रण कोणाच्या ताब्यात, वादकांना मानधन कोणत्या अटीवर दिले, हे दोन पानांच्या करारात लिहून घेतले की पुरते. गोदामात माल ठेवताना जी चिठ्ठी घेतली जाते, तिच्याइतकेच हे साधे काम आहे.

गायकाचा हक्क हा चौथा, आणि तो मिळवण्यासाठी मोठा लढा द्यावा लागला. 1960 च्या दशकाच्या पूर्वार्धात लता मंगेशकर यांनी गायकालाही रॉयल्टी मिळावी, असा आग्रह धरला. मोहम्मद रफी यांचे मत होते की गाण्याचे पैसे घेतले की गायकाचा संबंध संपला. या मतभेदातून काही वर्षे दोघांनी एकत्र गाणे थांबवले. रफीसाहेबांच्या बाजूला निर्मळ वृत्ती होती यात शंका नाही; व्यवहाराच्या दृष्टीने मात्र लताबाईंचे म्हणणेच बरोबर होते. 2012 च्या प्रताधिकार दुरुस्तीने ते बऱ्याच अंशी मान्य झाले आणि 2013 साली गायकांच्या हक्कांसाठी ‘इस्रा’ ही संस्था स्थापन झाली.

त्याच दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांनाही एक कवच दिले. हक्क कंपनीला लिहून दिले, तरी गाण्याच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतील समान वाटा त्यांना सोडून देता येत नाही. तो वारसाला किंवा प्रताधिकार संस्थेलाच देता येतो. हक्कांचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच हक्क जातो. कंपनीने हक्क घेऊन वर्षभर वापरच केला नाही, तर करारात वेगळे नमूद नसल्यास ते हस्तांतर संपल्याचे मानले जाते. म्हणूनच कंपन्यांच्या छापील करारांत ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण विश्वासाठी’ असे शब्द आवर्जून असतात. वीस वर्षांचा मुलगा त्या पानावर आनंदाने सही करतो, कारण सोबत उचल मिळत असते. उचल घेतली की माल त्याच आडतीवर उतरवावा लागतो, हे या जिल्ह्यात कोणाला शिकवावे लागत नाही. ज्या बापाने आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद वाचून पाहिले, त्याने मुलाचा हा कागद ‘यातले आपल्याला काही कळत नाही’ म्हणून बाजूला सारावा, हे कोणत्याही दृष्टीने योग्य नाही. कळण्यासारखेच तर सारे तिथे लिहिलेले असते.

कंपनीला हक्क न देताही आज गाणे जगभर पोचवता येते. त्यासाठी वितरण सेवा आहेत. डिस्ट्रोकिडसारख्या काही सेवा वार्षिक शुल्क घेतात, तर सीडी बेबीसारख्या सेवा उत्पन्नातील काही टक्के ठेवतात. या ठिकाणी मालक कलावंतच राहतो, वितरक केवळ आडत्या. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षरांचा क्रमांक मिळतो. तो पोत्यावरचा मार्का समजावा. मार्का चुकला, नावाचे स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिले गेले, गीतकाराचे नाव नोंदवायचे राहिले, की पैसे भलत्याच खात्यात जातात किंवा बेवारस पडून राहतात. गीतकार आणि संगीतकार यांच्यासाठी 1969 पासून ‘आयपीआरएस’ ही संस्था आहे. गाणे रेडिओवर, हॉटेलात, कार्यक्रमात वा इंटरनेटवर वाजले की तिच्याकडे पैसा जमतो. पण सभासद होऊन गाणी नोंदवल्याखेरीज तो हाती येत नाही. ही नोंदणी न केलेले गुणी संगीतकार अनेक असावेत, याचे नवल वाटते.

हाती मात्र किती येते? याबाबत भ्रम नको. स्पॉटिफाय एका ऐकण्याचा ठरावीक भाव देत नाही. जमलेल्या उत्पन्नाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग हक्कधारकांसाठी बाजूला काढला जातो आणि एकूण ऐकण्यात ज्याचा जितका हिस्सा, तितका त्याला मिळतो. 2024 पासून तर एखादे गाणे मागील बारा महिन्यांत किमान 1000 वेळा ऐकले गेले नाही, तर त्याची रॉयल्टीच निघत नाही. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळण्यासाठी 1000 सदस्य आणि वर्षभरात 4000 तासांचे प्रेक्षण लागते. भारतात बहुतेक लोक फुकट ऐकतात, त्यामुळे वाटून घ्यायची रासच लहान. थोडक्यात, पहिली दोन-तीन वर्षे ही पट्टी चहापाण्यापुरतीच निघते.

कधीतरी मात्र पीक उदंड येते. जळगाव जिल्ह्यातील बंजारा समाजातून आलेले संजू राठोड यांचे ‘गुलाबी साडी’ हे गाणे 2024 च्या प्रारंभी आले. संगीत संयोजन जी-स्पार्क यांचे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीचे बोट न धरता ते मराठी गाणे देशाच्या कानाकोपऱ्यांत वाजले. त्याआधी काही वर्षे ते एकामागून एक गाणी काढीत होते, हे मात्र त्या यशाची चर्चा करताना बहुतेक जण विसरतात. व्यापारी भाषेत, दुकान आधीपासून उघडे होते; गर्दी नंतर झाली.

मग मधल्या वर्षांत घर कशावर चालवायचे? उत्तर घराजवळच आहे. लग्नातील संगीत संध्या, हिंगोलीच्या प्रसिद्ध दसरा महोत्सवासारखे सोहळे, पूजा-विधानांत लागणारे गायक आणि वादक, सप्ताहातील कीर्तनाची साथ, शहरातील शिकवण्या, दुकानांच्या जाहिरातींची जिंगल. हा रोखीचा धंदा आहे. समाजातील आयोजकांनी येथे थोडे आत्मपरीक्षण करायला हरकत नाही. मंडप, रोषणाई, जेवण यांचा भाव आधी ठरतो आणि विसार दिला जातो. गायकाला मात्र ‘आपलाच मुलगा आहे’ म्हणून शाल-श्रीफळावर बोळवले जाते. बाहेरगावच्या मंडळींना तेच आयोजक पाकीट देतात. आपल्या मुलाने हे क्षेत्र निवडले तेव्हाच ही रीत खटकू लागते.

जिल्ह्याच्या मातीत आणखी एक भांडवल पडून आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी हिंगोलीपासून फार दूर नाही. त्यांच्या रचना पंढरपुरापासून पंजाबपर्यंत गायिल्या जातात. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदे आहेत. या शब्दांवर आज कोणाचाही प्रताधिकार नाही. हिंगोलीच्या मुलीने नामदेवांच्या अभंगाला स्वतःची चाल लावली, तर चाल तिची, मुद्रणही तिचेच. पण भीमसेन जोशी यांनी गायिलेल्या नामदेवांच्या अभंगाची राम फाटकांनी बांधलेली चाल तिने परवानगीवाचून उचलली, तर यूट्यूबची यंत्रणा ते ओळखू शकते आणि जाहिरातीचे उत्पन्न मूळ हक्कधारकाकडे वळते. पुष्कळ तरुण वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या चालींवर लाखो प्रेक्षक मिळवतात आणि खाते रिकामे का, म्हणून चकित होतात. ते दुसऱ्याच्या शेतात पेरणी करीत असतात. गळा ओळखीचा व्हावा म्हणून सुरुवातीला जुनी गाणी गाणे ठीक. पण दर चार गाण्यांमागे एक तरी स्वतःचे असावे.

शेवटी वारशाचा विचार. प्रताधिकार रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनापासून 60 वर्षे. पंचविसाव्या वर्षी बांधलेली एखादी चाल नातवंडांच्या हयातीतही पैसे आणू शकते. मृत्युपत्रात दुकान, शेत, सोने, मुदतठेवी यांची यादी काटेकोर असते. घरात कोणी गात असेल, रचत असेल, तर त्या यादीत गाण्यांची नावे, त्यांचे क्रमांक, वितरकाकडील खाते आणि प्रताधिकार संस्थेतील सभासद क्रमांक यांनाही एक ओळ द्यावी. वकिलाला ते नवे वाटेल. त्याला करारांच्या प्रती दाखवाव्यात.