उडण्याचा दाखला

कुठलीही गोष्ट सरकारदरबारी नोंदवली की ती आपोआप सुधारते, अशी आपल्या मध्यमवर्गाची एक भाबडी श्रद्धा आहे. जन्म नोंदवला, लग्न नोंदवले, सोसायटी नोंदवली. (यांपैकी काय काय सुधारले हे कृपया विचारू नये. मी डोंबिवलीत राहतो आणि विवाहित आहे.) त्यामुळे अतिमानवांच्या सक्तीच्या नोंदणीचा कायदा आमच्या सेक्रेटरींना मनापासून पटला, याचे मला नवल वाटले नाही. त्यांचा नातू टीव्हीवर ते उडत्या माणसांचे सिनेमे लावतो आणि आजोबा शेजारी मेथी निवडत बसतात. मेथी संपेपर्यंत त्यांचे मत तयार झालेले असते.

ज्यांच्या घरी नातू नाही त्यांच्यासाठी ही भानगड थोडक्यात सांगतो. 2006 साली मार्व्हल कंपनीने 'सिव्हिल वॉर' नावाची कॉमिक्स-मालिका काढली. तीत काही तरुण वीर टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर फुशारकी मारत खलनायकांना पकडायला जातात, स्फोट होतो आणि शेकडो माणसे, त्यांत शाळकरी पोरे, मरतात. सरकार कायदा करते : ज्याच्या अंगी अचाट शक्ती असेल त्याने खरे नाव सरकारात नोंदवावे आणि सरकार सांगेल तसे वागावे, नाहीतर तुरुंगात जावे. आयर्न मॅन म्हणतो बरोबर, कॅप्टन अमेरिका म्हणतो चूक, आणि दोघे एकमेकांना बडवतात. 2016 च्या सिनेमात त्याच भांडणासाठी 117 देशांनी करारावर सह्या केल्या.

सेक्रेटरी आयर्न मॅनच्या पक्षात आहेत. "अहो, रिक्षावाल्याला बॅज लागतो, डॉक्टरला नोंदणी लागते, वडापावच्या गाडीलासुद्धा परवाना लागतो. आणि एका बुक्कीत इमारत पाडणाऱ्याला काहीच नको? कर नाही त्याला डर कशाला?"

आता इमारतींचा विषय त्यांनीच काढला म्हणून सांगतो. आमच्या कल्याण-डोंबिवलीत 65 इमारती महापालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून महारेरात नोंदल्या गेल्या. नोंदणी क्रमांक पाहून लोकांनी आयुष्याची पुंजी ओतली, कर्जे काढली, वास्तुशांती केली. नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. एका बुक्कीत इमारत पाडायला अतिमानव लागतो. 65 उभ्या करायला मात्र रबरी शिक्का पुरतो.

बरे, समजा झाला कायदा. अर्जाचा नमुना मला आत्ताच डोळ्यांपुढे दिसतो आहे. 'संपूर्ण नाव, आडनाव प्रथम.' दूरदर्शनवर 1997 पासून जो शक्तिमान यायचा, त्याचे साध्या वेशातले नाव पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री. चौकटी संपतील, नाव संपणार नाही. 'मुखवट्याविना काढलेले पासपोर्ट आकाराचे दोन फोटो.' इथेच निम्मे अर्ज बाद! 'जन्मदाखला.' सुपरमॅन ज्या ग्रहावर जन्मला तो ग्रहच फुटला. दुय्यम प्रत आणायची कुठून? आणि आपला वेताळ? 1964 ते 1990 या काळात ज्यांनी शाळेच्या पुस्तकात लपवून इंद्रजाल कॉमिक्स वाचली, त्यांना ठाऊक आहे की बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो आणि जंगलाला वाटते हा अमर आहे. एकवीस पिढ्या झाल्या, एकदाही वारसनोंद नाही! तलाठी त्याला कवटीच्या गुहेतून बाहेर काढील.

मारुतिरायांचे तर विचारूच नका. अख्खा द्रोणागिरी उचलला, म्हणजे गौण खनिजाचे उत्खनन आणि विनापरवाना वाहतूक. आधी तहसीलदाराकडे रॉयल्टीचे चलन भरा म्हटले असते, तर तिकडे लक्ष्मणाचे काय झाले असते?

थट्टा सोडा. सेक्रेटरींचा खरा मुद्दा 'कर नाही त्याला डर कशाला' हा आहे आणि आपल्याकडे निम्मे वाद या एका म्हणीवर मिटवले जातात. त्याच मालिकेत कोळीमानव, म्हणजे स्पायडरमॅन, सरकारचा शब्द मानून जगासमोर मुखवटा काढतो. त्याने काहीही 'केलेले' नसते. पुढे त्याच्यासाठी झाडलेली गोळी त्याच्या मे काकूला लागते. (इंग्रजीत सगळ्याच 'आंटी', पण ही बापाच्या भावाची बायको, म्हणून काकू.) डर करणाऱ्याला नसते हो, ज्याचा पत्ता यादीत आहे त्याच्या काकूला असते.

1992 साली टीव्हीवर आलेल्या 'एक्स-मेन' या कार्टूनमध्ये तर याहून साधी गोष्ट आहे. ज्युबिली नावाच्या मुलीच्या बोटांतून ठिणग्या उडतात. सांभाळणारे आईबाप काळजीपोटी, मुलीचे भले व्हावे म्हणून, तिचे नाव यादीत नोंदवतात. लगेच त्याच यादीवरून एक लोखंडी राक्षस तिला पकडायला घरी येतो. तिने कुणाची इमारत पाडली होती? ती तशी जन्मली, एवढाच अपराध.

"हे कार्टूनमध्ये ठीक आहे. असं कधी होतं का?" असे सेक्रेटरींनी विचारले. होते. आपल्याकडेच झाले. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. नावे रजिस्टरात, पोलिसापुढे हजेरी, गाव सोडायचे तर पास. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट होती. देश 1947 साली स्वतंत्र झाला. ही माणसे 31 ऑगस्ट 1952 ला सुटली. आणि कागद फाडला म्हणून शिक्का पुसला जात नाही, हे लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' 1987 साली आले तेव्हा आपण आरामखुर्चीत बसून वाचले. त्या रजिस्टराच्या वेळीही कुणीतरी शहाण्या माणसाने 'कर नाही त्याला डर कशाला' म्हटलेच असेल. अशी रजिस्टरे शहाण्या माणसांच्या संमतीवरच चालतात.

डॉक्टरची नोंदणी वेगळी. त्याने धंदा निवडला, फी घेतो, पाटी लावतो; त्याने जबाबदार असलेच पाहिजे. स्फोट घडवणाऱ्या त्या टीव्हीवाल्या पोरांवर खुशाल खटला भरा. गणवेश आणि पगार घेऊन उडणार असेल त्याची नोंद करा, परीक्षा घ्या, हिशेब मागा. म्हणजे नोंद करायची तर कामाची करा, रक्ताची नको. उद्या एखाद्या पोराचा हात चलाख आहे म्हणून त्याचे नाव सर्जनच्या यादीत घालाल की खिसेकापूंच्या?

आणि खरे वीर कुठल्या यादीत असतात, तेही पाहा. आमच्याच ठाणे जिल्ह्यात वांगणी स्टेशनावर 17 एप्रिल 2021 रोजी एका अंध आईचे लहान मूल फलाटावरून रुळांवर पडले. समोरून एक्स्प्रेस येत होती. मयूर शेळके रुळांतून गाडीच्या दिशेने धावले, मुलाला वर ढकलले आणि स्वतः कसेबसे फलाटावर चढले. गाडी निघून गेली. हजेरीपटावर त्यांचे नाव होते, पण पॉइंट्समन म्हणून. उडी मारायच्या आधी त्यांनी कुणाची मंजुरी मागितली असती, तर फाइल अजून फिरत असती.

आपल्या कायद्याला हे उशिरा का होईना कळले आहे. रस्त्यात अपघात झाला की लोक का पुढे होत नसत? माणुसकी नव्हती म्हणून नव्हे. "पोलीस नाव विचारतील, मग कोर्टात खेटे घाला!" म्हणून. अखेर सर्वोच्च न्यायालयाने 30 मार्च 2016 रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या सूचनांना कायद्याचे बळ दिले. 2019 साली मोटार वाहन कायद्यात 134 अ हे कलम आले आणि 2020 च्या नियमांनी स्पष्टच सांगितले : जखमीला मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येणार नाही. म्हणजे जे अमेरिकेच्या कॉमिक्समधल्या सरकारला सुचले नाही, ते आपल्या सरकारने राजपत्रात छापले. आपण क्वचितच कौतुक करतो. या एका नियमाचे करायला हरकत नाही.

सेक्रेटरी यावर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण निदान सोसायटीत एक रजिस्टर ठेवायला काय हरकत आहे? गेटवर. उडत येणाऱ्यांसाठी."

ठेवा बापडे. पण त्याच गेटबाहेर कुणी रक्तबंबाळ पडला असेल आणि एखादा परका माणूस त्याला उचलत असेल, तर वही आत ठेवा. आधी त्या माणसाला हात द्या, रिक्षा थांबवा, पाणी विचारा. नाव नंतर. तेही त्याने आपणहून सांगितले तर.