केनियाचे धावपटू आणि परका ध्वज

म्यूनिक हे नाव उच्चारले की इस्राएलमधील कोणत्याही घरात क्षणभर शांतता पसरते. ५ सप्टेंबर १९७२ च्या पहाटे ऑलिम्पिक ग्रामात मारेकरी शिरले आणि आपल्या अकरा जणांचा बळी गेला. त्यानंतर त्या ऑलिम्पिकमधील दुसरे काही आठवू नये अशीच आपल्या मनाची घडण झाली, आणि ते स्वाभाविकही आहे. तथापि त्या काळ्या पहाटेच्या आदल्याच दिवशी, ४ सप्टेंबरला, म्यूनिकच्या मैदानावर एक शर्यत झाली होती. ३००० मीटर स्टीपलचेसची ती अंतिम शर्यत केनियाच्या किप केइनो याने ८ मिनिटे २३.६ सेकंदांत जिंकली. त्याचाच देशबांधव बेन जिप्चो दुसरा आला. केइनो हा मूळचा १५०० मीटरचा धावपटू. या अडथळ्यांच्या शर्यतीचा त्याला फारसा सराव नव्हता. तरीही त्याने ऑलिम्पिकचा विक्रम मोडला.

दुसऱ्या दिवसापासून खेळाला खेळ म्हणावे असे काही उरले नाही. आपली एस्थर रॉट-शाहामोरोव्ह १०० मीटर हर्डल्सच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचली होती. तिचे प्रशिक्षक अमित्सूर शापिरा मारले गेले आणि ती न धावताच परतली. चार वर्षांनी मॉन्ट्रियलला तिने याच शर्यतीची अंतिम फेरी गाठून सहावा क्रमांक मिळविला, ही गोष्ट आपल्या घरांतील मुलांना आम्ही पुनःपुन्हा सांगावी अशी आहे. आजचा विषय मात्र केनियाचा आहे.

स्टीपलचेस हा प्रकार आपल्याकडे फारसा परिचित नाही, म्हणून दोन शब्द. इंग्लंड-आयर्लंडमध्ये पूर्वी घोडेस्वार एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत शर्यत लावीत. वाटेत कुंपणे येत, ओढे येत. त्याच घोड्यांच्या शर्यतीचे हे माणसांनी धावण्याचे रूप. साडेसात फेऱ्यांत २८ वेळा अडथळा आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर. हर्डल्सचा अडथळा पाय लागला तर पडतो, हा पडत नाही, धावणाराच पडतो. पाण्याचा खड्डा अडथळ्यालगत सर्वांत खोल असून पुढे उथळ होत जातो. म्हणून धावपटू अडथळ्याच्या माथ्यावर पाऊल रोवतो आणि जितके दूर झेपावता येईल तितका झेपावतो. ओल्या बुटांनी पुढची फेरी पुरी करावयाची, दम मोडू द्यावयाचा नाही.

१९६८ साली मेक्सिकोमध्ये आमोस बिवॉट नावाच्या केनियन तरुणाने हे शास्त्र बाजूस सारले. तो पाण्यात उतरलाच नाही! अडथळ्यावरून सरळ पलीकडच्या कोरड्या जमिनीवर झेप घ्यावयाची असा त्याचा खाक्या. जाणकार हसले असतील, परंतु शेवटच्या फेरीत मागून येऊन सुवर्णपदक त्यानेच नेले. दुसरा क्रमांक त्याच्याच देशाच्या बेंजामिन कोगोचा. त्याच मेक्सिकोत नफ्ताली टेमूने १०,००० मीटरमध्ये केनियाला ऑलिम्पिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. (नफ्ताली हे नाव वाचून आमच्या वाचकांच्या भुवया उंचावतील. मिशनऱ्यांच्या शाळांनी बायबलमधील नावे तिकडे दूरवर नेली आहेत.) आणि केइनो? त्याला पित्ताशयाचा विकार जडला होता. १०,००० मीटरमध्ये तो मैदानावरच कोसळला. १५०० मीटरच्या अंतिम शर्यतीच्या दिवशी त्याची बस रस्त्यातील गर्दीत अडकली, तेव्हा तो खाली उतरून उरलेले अंतर धावतच मैदानावर पोहोचला. नंतर त्याने अमेरिकेच्या जिम रायनला मोठ्या अंतराने मागे टाकले. पुढे एल्डोरेट येथे त्याने व त्याच्या पत्नीने अनेक अनाथ मुलांना आपल्या घरी वाढविले. पदकांपेक्षा हे काम आम्हांस अधिक मोठे वाटते.

केनियाला आंतरराष्ट्रीय मैदानावर पहिली मोठी सुवर्णपदके मिळवून देणारा मात्र लांब पल्ल्याचा धावपटू नव्हता, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. १९६२ च्या पर्थ येथील राष्ट्रकुल सामन्यांत १०० व २२० यार्डांच्या दोन्ही शर्यती जिंकणारा सेराफिनो अंताओ हा मोंबासात जन्मलेला गोवेकर होता. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये स्वतंत्र केनियाचा ध्वज त्याच्याच हाती होता. कोकण किनाऱ्याशी ज्यांची नाळ जुळलेली आहे त्यांनी हे नाव विसरू नये.

१९७६ आणि १९८० या दोन्ही ऑलिम्पिकवर केनियाने बहिष्कार टाकला. त्यांपैकी १९७६ चा उन्हाळा आपल्याला वेगळ्याच कारणाने स्मरतो. एन्टेबेहून ओलिसांना घेऊन परतणाऱ्या आपल्या विमानांनी नैरोबीत इंधन भरले, आणि तेही केनियाचे इस्राएलशी राजनैतिक संबंध १९७३ पासून तुटलेले असताना. ते संबंध १९८८ मध्ये पुन्हा जुळले. असो. बहिष्काराची ही दोन वर्षे सोडल्यास १९६८ पासून २०१६ पर्यंत पुरुषांच्या स्टीपलचेसचे प्रत्येक ऑलिम्पिक सुवर्णपदक केनियाने जिंकले, एकूण अकरा. १९९२ मध्ये बार्सिलोनात आणि २००४ मध्ये अथेन्सला तर तिन्ही पदके केनियाचीच! बार्सिलोनात दुसऱ्या आलेल्या पॅट्रिक सांगने पुढे एलियुड किपचोगेला घडविले, आणि त्या किपचोगेने २०१९ साली व्हिएन्नात खास योजलेल्या धावेत मॅरेथॉनचे अंतर १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत कापले. ती धाव अधिकृत विक्रमांत धरली गेली नाही, तरी दोन तासांची भिंत माणसाने त्या दिवशी प्रथम ओलांडली.

हे कशामुळे घडते? या प्रश्नावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. या धावपटूंपैकी बहुतेक कालेंजिन समाजातले. हा समाज रिफ्ट खोऱ्याच्या उंच पठारावर राहतो. इटेन हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २४०० मीटर उंचीवर आहे आणि त्याच्या वेशीवरील कमानीवर ते विजेत्यांचे माहेरघर असल्याचे लिहिलेले आहे. विरळ हवेत वाढलेल्यांचे रक्त प्राणवायू अधिक वाहून नेते, शिवाय त्यांच्या पोटऱ्या सडपातळ असतात, म्हणून प्रत्येक पाऊल उचलताना श्रम कमी पडतात, असे शास्त्रज्ञ सांगतात. ते खरे असेल. पण उंच पठारे जगात इतरत्रही आहेत, त्यांपैकी बहुतेक ठिकाणांहून विजेत्यांची अशी रांग लागलेली नाही. आम्हांस अधिक पटतात ती साधी कारणे. लष्कर, पोलीस व तुरुंग खात्याने धावपटूंना नोकऱ्या दिल्या, म्हणजे पोटाची चिंता मिटली. १९७६ मध्ये इटेनच्या सेंट पॅट्रिक्स शाळेत शिकवावयास आलेले आयरिश धर्मबंधू कोम ओकॉनेल यांच्या हाताखाली एकामागून एक विश्वविजेते तयार झाले. शेजारच्या घरातील मुलगा परदेशांतून बक्षीस आणतो, त्यातून गाई आणि जमीन घेतो, हे रोज डोळ्यांपुढे दिसत असले की दुसऱ्या मुलालाही पहाटे उठावेसे वाटते. छावणीतील राहणी अगदी साधी. कॅप्टागटच्या छावणीत किपचोगेसारखा विजेताही इतरांबरोबर झाडलोट करीत असे. जेवणास उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, सोबत पालेभाजी, आणि दूध-साखरेचा भरपूर चहा. चहाच्या बाबतीत तरी आपले त्यांच्याशी चांगले जमेल.

या यशाची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. पैशाबरोबर उत्तेजक औषधेही आली. २०१६ ची ऑलिम्पिक मॅरेथॉन विजेती जेमिमा सुमगाँग २०१७ मध्ये दोषी ठरली, आणि १५०० मीटरचा तीन वेळचा विश्वविजेता अस्बेल किप्रोप याच्यावर बंदी आली. २०२१ साली इटेनमध्ये ॲग्नेस तिरोप ही पंचवीस वर्षांची धावपटू तिच्याच घरात खून होऊन पडलेली आढळली, त्यापूर्वी जेमतेम महिनाभर आधी तिने १० किलोमीटरचा जागतिक विक्रम केला होता. स्टीपलचेसचे राज्यही आता अबाधित नाही. २०२१ मध्ये भरलेल्या टोकियोच्या आणि २०२४ च्या पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मोरोक्कोच्या सूफियान एल बक्कालीने नेले.

परंतु ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय घेतला ती वेगळीच. स्टीफन चेरोनो नावाचा केनियन धावपटू २००३ मध्ये कतारचा नागरिक झाला, सैफ सईद शाहीन हे नाव घेतले आणि त्याच वर्षी त्याने विश्वविजेतेपद जिंकले. मायदेशी संताप उसळला. केनियाने संमती नाकारल्यामुळे २००४ च्या ऑलिम्पिकमध्ये त्याला धावता आले नाही. अथेन्सच्या अंतिम शर्यतीनंतर दहाच दिवसांनी त्याने ब्रुसेल्समध्ये ७ मिनिटे ५३.६३ सेकंदांचा विक्रम केला, आणि तो जवळजवळ एकोणीस वर्षे, २०२३ पर्यंत टिकला. स्त्रियांच्या बाबतीत तर आणखी विलक्षण. २०१६ आणि २०२४ या दोन्ही ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसचे सुवर्णपदक केनियात जन्मलेल्या मुलींनीच जिंकले, रुथ जेबेट आणि विन्फ्रेड यावी यांनी. दोघींच्या अंगावर बहरीनचा गणवेश होता. स्वतः केनियाच्या एकाही स्त्रीला २०२४ पर्यंत हे पदक मिळालेले नव्हते.

लोना चेमताई सालपेटर आपली आहे. पश्चिम पोकोटमध्ये जन्मलेली ही मुलगी २००८ साली केनियाच्या राजदूतांच्या घरी मुले सांभाळण्यासाठी इस्राएलमध्ये आली. येथे तिची गाठ धावण्याचे प्रशिक्षक डॅन सालपेटर यांच्याशी पडली, विवाह झाला, मुलगा झाला, आणि २०१६ मध्ये तिला नागरिकत्व मिळाले. २०१८ साली बर्लिनमध्ये १०,००० मीटरचे युरोपीय विजेतेपद तिने इस्राएलसाठी जिंकले. त्यानंतर चारच दिवसांनी ५००० मीटरच्या शर्यतीत फेऱ्यांचा हिशेब चुकला, शर्यत संपली असे समजून ती एक फेरी आधीच थांबली, आणि हातचे पदक गेले. २०२१ मध्ये ऑलिम्पिक मॅरेथॉनला साप्पोरोत ३८ किलोमीटरपर्यंत ती पदकाच्या रांगेत होती. मग पोटात असह्य कळा आल्या व ती थांबली. थोड्या वेळाने पुन्हा चालू लागली आणि सहासष्टावी आली, पण शर्यत पुरी केली.

ती खरी इस्राएली आहे काय, असे विचारणारे लोक आम्हांस भेटतात, आणि खेदाची गोष्ट ही की त्यांत आपलेही काही आहेत. ती उसनी धावपटू आहे, कतार-बहरीनने विकत घेतले तसेच हे, असे त्यांचे म्हणणे. आमच्या मते हे दोन्ही प्रकार एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे. चेरोनोला पदकासाठी बोलाविले गेले. लोनाला कोणी पदकासाठी बोलाविले नव्हते. ती परक्याच्या घरी मुले सांभाळावयास आली आणि येथे संसार मांडून राहिली. आणि तिला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार इतर कोणास असला तरी बेने इस्राएलांना तो कितपत आहे? ज्यांचे पूर्वज कुलाब्याच्या गावांतून शब्बाथ पाळीत शनवार तेली म्हणून ओळखले गेले, त्यांनाच येथे विवाहाच्या वेळी तुम्ही खरे कोण, असे विचारले गेले होते. १९६४ साली क्नेसेटने ठराव करीपर्यंत आपल्या वडीलधाऱ्यांनी उन्हातान्हात काय सोसले, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्या प्रश्नाची धार सांगावयास नको.

जुलै २०२२ मध्ये अमेरिकेतील यूजीन येथे जागतिक स्पर्धेची मॅरेथॉन झाली. प्रथम इथिओपियाची गोतितोम गेब्रेस्लासे, द्वितीय केनियाची ज्यूडिथ कोरिर, आणि २ तास २० मिनिटे १८ सेकंदांत तिसरी लोना. पुढच्या वर्षी बुडापेस्टला पुरुषांच्या मॅरेथॉनमध्ये मारू तेफेरी दुसरा आला. तो इथिओपियात जन्मला व लहानपणीच कुटुंबासह इस्राएलमध्ये आला. विजयमंचावर त्याच्या एका बाजूस युगांडाचा धावपटू होता आणि दुसऱ्या बाजूस इथिओपियाचा.