अनाथालयात जाताना

मुलाचा वाढदिवस आला की अनाथालयात मिठाई वाटायला जाणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. हेतू चांगलाच असतो. पण पाहुणे तासाभरात निघून जातात आणि 'ताई, पुन्हा कधी येणार?' हा प्रश्न मुलांपाशीच राहतो.

रायपूरजवळच्या बिश्रामपूरचे उदाहरण येथे आठवते. जर्मन मिशनरी ऑस्कर लोर १८६८ मध्ये सहकुटुंब छत्तीसगडात आले आणि तिथलेच झाले. १८९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत आईबाप गमावलेली मुले मिशनच्या आश्रयाला आली. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे खरेच. पण त्या मुलांना सांभाळणारी माणसे रोज त्यांच्याजवळ होती. १८९७ च्याच दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. तिथल्या निराधार मुलींना त्यांनी नुसते पाहून सोडले नाही, तर आपल्याबरोबर आणले. पुण्याजवळ केडगावचे मुक्तिसदन त्यातूनच उभे राहिले.

एवढे करणे प्रत्येकाला कसे जमणार? पण महिन्यातला एक दिवस ठरवून, तो न चुकवता गणित शिकवायला जाणे कोणालाही जमेल. जमेल तेवढेच वचन द्यावे. 'तुझे आईबाप कुठे आहेत?' असे विचारू नये. कित्येकांचे आई किंवा वडील हयात असतात, गरिबीने मूल दूर गेलेले असते. मुलांची छायाचित्रेही प्रसिद्ध करू नयेत. त्यांची ओळख उघड करण्यास २०१५ च्या बाल न्याय कायद्याने मनाई आहे.

मिठाई संध्याकाळपर्यंत संपते. ठरल्या दिवशी परत येणारे माणूस मुलांच्या कायम लक्षात राहते.