रक्तवाहिन्यांचे वय आणि आपली वही

पोत्यात परखी घालून दाणा तळहातावर घेतल्यावाचून आपण सौदा करीत नाही. परंतु ज्या देहाच्या बळावर पेढी चालते, त्याची परीक्षा मात्र अंथरूण धरीपर्यंत लांबणीवर टाकतो. ही आपल्या व्यापारी समाजाची मोठी उणीव आहे, असे नम्रपणे पण स्पष्टपणे सांगणे मी कर्तव्य समजतो.

मनुष्याचे वय जन्मपत्रिका सांगते. रक्तवाहिन्यांचे वय त्याहून निराळे असू शकते. हृदयातून निघणारी महाधमनी तारुण्यात लवचीक असते. प्रत्येक ठोक्यासरशी ती फुगते व पुन्हा आकुंचन पावून रक्ताचा ओघ शांतपणे पुढे देते. वयोमानाने तिच्या भिंतीतील लवचीक तंतू झिजतात व ताठर तंतू वाढतात. रक्तदाब, मधुमेह व तंबाखू ही झीज लवकर घडवून आणतात. मग ठोक्याचा आघात मेंदू व मूत्रपिंडांच्या नाजूक वाहिन्यांपर्यंत पोहोचतो आणि हृदयावरील भारही वाढतो.

हा ताठरपणा मोजता येतो. नळी जितकी ताठर, तितकी तिच्यातून नाडीची लाट वेगाने धावते, हे मोएन्स व कोर्टेवेग या डच विद्वानांनी १८७८ साली प्रयोगाने व गणिताने मांडले. आज मान व जांघ अशा दोन ठिकाणी नाडी टिपून, अंतराला वेळेने भागून हा वेग काढतात. सेकंदाला १० मीटरहून अधिक वेग युरोपातील तज्ज्ञांनी धोक्याची सूचना मानला आहे.

हे यंत्र सर्वत्र उपलब्ध नाही, हे खरे. परंतु साधा रक्तदाबमापकही पुष्कळ सांगतो. वरच्या आकड्यातून खालचा वजा करावा. १२० व ८० असता बाकी ४० उरते. उतारवयात वरचा आकडा चढत व खालचा उतरत जाऊन ही बाकी वारंवार ६० वा त्याहून अधिक येऊ लागली, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ‘खालचा आकडा ठीक आहे’ एवढ्यावर समाधान मानणे म्हणजे नावे बाजू झाकून जमेचीच बाजू वाचण्यासारखे आहे.

कित्येक वडीलधारी म्हणतात, कर्मात असेल ते चुकत नाही. पण आपल्या धर्माने कर्माइतकेच महत्त्व पुरुषार्थालाही दिले आहे. रसपरित्यागात मिठाच्या त्यागाचा समावेश आहेच. जागतिक आरोग्य संघटना दिवसास ५ ग्रॅमहून कमी मीठ पुरे म्हणते. आपल्या पानातील पापड-लोणची मात्र ती मर्यादा सहज ओलांडतात. व्रताच्या दिवशी साधणारा संयम इतर दिवशी थोडा तरी का साधू नये?

वर्षातून एकदा शिबिराच्या गर्दीत आकडा घेऊन चिठ्ठी खिशात घालण्याने काय साधणार? एका दिवसाच्या भावावरून बाजाराचा कल कळत नाही. म्हणून माझी सूचना अशी की, संघाने दरमहा एक दिवस ठरवावा. सभासदांना व त्यांच्या घरच्या स्त्रियांनाही पाच मिनिटे स्वस्थ बसवून रक्तदाब मोजावा आणि प्रत्येकाच्या नावाचे खाते वर्षानुवर्षे ठेवावे. औषध मात्र डॉक्टरांच्याच सल्ल्याने घ्यावे अगर बदलावे.

सत्काराच्या हारतुऱ्यांचा खर्च थोडा आवरला, तर हे कार्य सहज पार पडेल. येत्या वार्षिक सभेत या ठरावास आपण संमती द्यावी, एवढीच विनंती.