गिझर बसवला, सही कोणाची?

दसरा जवळ आला की आमच्या कोपरगाव तालुक्यात साखर कारखान्यांच्या बॉयलर अग्निप्रदीपनाच्या पत्रिका निघतात. सहजानंदनगरला संजीवनी, गौतमनगरला कोळपेवाडीचा कारखाना. सत्यनारायण, नारळ, भाषणं, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. मी बॉयलर अटेंडंट म्हणून उमेदीची सगळी वर्षं भट्टीपुढे काढली, त्यामुळे पूजेच्या आधी काय चालतं ते मला ठाऊक आहे. बाष्पके संचालनालयाचा इन्स्पेक्टर येतो. ड्रम उघडून आत पाहिलं जातं, पाणी भरून दाब देऊन हायड्रॉलिक टेस्ट होते, सेफ्टी व्हॉल्व्ह नेमक्या दाबाला उडतो का ते बघतात. मग साहेबांची सही. सहीशिवाय भट्टी पेटवायची कोणाची टाप नाही.

ही शिस्त सुखासुखी आलेली नाही. 1863 साली कलकत्त्यात बॉयलर फुटला, माणसं मेली, तेव्हा 1864 साली बंगालमध्ये कायदा झाला. पुढे 1923 चा देशभराचा कायदा आला आणि 2025 साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. 25 लिटरपेक्षा लहान भांडं या कायद्यात येत नाही, आणि शंभर अंशांच्या आत नुसतं पाणी तापवणारंही येत नाही. ते बरोबरच आहे. घरोघरी इन्स्पेक्टर पाठवा असं मी म्हणणार नाही. पण म्हणून घरातल्या गिझरवर कोणाचीच सही नको?

आमच्या गल्लीत मागच्या थंडीत एक गॅस गिझर बसला. बाथरूम चार बाय सहा, खिडकीला काच पक्की बसवलेली. पोरगा ड्रिल घेऊन आला, दोन स्क्रू मारले, सिलिंडर कोपऱ्यात ठेवला, ज्योत पेटवून दाखवली. मी म्हटलं, "बाळा, याच्या पुस्तिकेत हवा खेळती ठेवा असं लिहिलंय, वाचलं का?" तर म्हणतो, "काका, काही होत नाही. सगळीकडं असेच बसवतो." घरमालकानेही माझ्याकडे, म्हातारा बडबडतोय, अशा नजरेने पाहिलं.

आता हिशेब ऐका. साधा सहा लिटरचा गॅस गिझर पूर्ण ज्योतीवर तासाला पाऊण ते एक किलो गॅस खातो. एक किलो एलपीजी नीट जळायला पंधरा-सोळा किलो हवा लागते, म्हणजे बारा-तेरा घनमीटर. ती चार बाय सहाची, आठ फूट उंचीची बाथरूम साडेपाच घनमीटरही भरत नाही. अर्ध्या तासात तिथली सगळी हवा एकटा गिझरच मागतो, आणि आत माणूसही श्वास घेतोय. ज्योत काही सगळी हवा संपेपर्यंत थांबत नाही. प्राणवायू थोडा उतरला की ती लांब, पिवळी, आळशी होते आणि कार्बन मोनॉक्साइड सोडू लागते. धुराड्याचा पाइप बाहेर काढलेला नसेल तर तो वरच्या फटींतून सरळ बाथरूममध्येच. सिलिंडर गळला तर वास येतो, कारण कंपनी गॅसमध्ये मुद्दाम वासाचं रसायन घालते. कार्बन मोनॉक्साइडला वासही नाही, रंगही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून घट्ट धरून बसतो. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटके पडतात, आणि समोरची कडीसुद्धा काढता येत नाही.

काही जण एक्झॉस्ट फॅन लावून निर्धास्त होतात. आमच्याकडे बॉयलरला धूर ओढणारा आयडी फॅन असतो, तसा हवा आत ढकलणारा एफडी फॅनही असतो. दाराला खालून फट नाही, खिडकी बंद, तर नुसता ओढणारा पंखा हवा आणणार कुठून?

जुनी माणसं तांब्याचा बंब अंगणात पेटवायची. पऱ्हाट्या, बुरकुंडे, गोवऱ्या, जे हाताला लागेल ते. धूर डोळ्यात जायचा, छातीत साठत नव्हता. न्हाणी घरात आली, दाराला कडी लागली, ज्योत मात्र आपण सोबत आत नेली. गिझर बाहेरच्या भिंतीवर किंवा गच्चीत लावून फक्त गरम पाण्याचा पाइप आत घ्यायला पाच-सात फूट पाइप जास्त लागतो, एवढंच.

विजेच्या गिझरचं दुखणं वेगळं. तीन किलोवॉटचा गिझर तेरा अँपिअर ओढतो, त्याला दिव्याच्या वायरवर जोडू नये हे वायरमनला सांगावं लागू नये. अर्थिंगचं मात्र सांगावं लागतं. आपली काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, खड्डा कोरडा पडतो, अर्थिंग नावापुरती उरते. पूर्वी लोखंडी नळाला तार गुंडाळायचे, आता नळच प्लॅस्टिकचे. म्हणून वीज गळाली की पुरवठा तोडणारा 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवा. नळाला रोज पाणी येत नसेल तर टाकी कोरडी असताना बटण दाबू नका, कॉइल जळते.

माझा पुतण्या इंग्लंडात भाड्याने राहतो. तिथे सगळं घर तापवणारा गॅसचा बॉयलर स्वयंपाकघरातल्या कपाटात बसतो. तो ज्योतीची हवा भिंतीतल्या पाइपाने बाहेरून घेतो आणि धूरही बाहेरच सोडतो, खोलीतल्या हवेला हात लावत नाही. नोंदणी असलेल्या माणसाशिवाय तो कोणी उघडायचा नाही. घरमालकाला दरवर्षी तपासणी करून भाडेकरूच्या हातात कागद द्यावा लागतो.

आपल्याला तेवढा थाट नको. गिझर विकणाऱ्या दुकानदाराने बसवणाऱ्याचं नाव, तारीख, हवेची वाट कुठून ठेवली आणि धूर कुठे काढला, एवढं एका कागदावर लिहून सही करून द्यावं. गॅस एजन्सीचा माणूस तपासणीला येतो, त्याने शेगडीबरोबर गिझरही पाहावा. नगरपरिषदेने नव्या इमारतीला भोगवटा देताना बाथरूमला न बुजणारी झरोक्याची जाळी आहे का ते बघावं. ग्राहकाने तर तो सहीचा कागद हातात पडल्याशिवाय बसवणाऱ्याला पैसेच देऊ नयेत. दुकानदार त्या कागदाचे शंभर-दोनशे जास्त मागेल. मागू द्या.